चाकातून येणारी घरघर

प्रश्न : माझ्या लहान मोटारीचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेला की पुढच्या चाकांकडून घरघर ऐकू येते आणि डावीकडे वळताना ती वाढते. नुसते ग्रीस भरून भागेल काय?

उत्तर : वळताना गाडीचा भार बाहेरच्या बाजूच्या चाकावर येतो, त्यामुळे डाव्या वळणावर आवाज वाढत असेल, तर पहिला संशय उजव्या चाकाच्या बेअरिंगचा, म्हणजे दोन कड्यांमधील गोळ्यांवर चाक सहज फिरू देणाऱ्या भागाचा, घ्यावा. टायरचा आवाज मात्र रस्ता बदलला की बदलतो. गाडी जॅकने उचलून, स्टँडचा भक्कम आधार देऊन, एका हाताने चाक फिरवावे आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवावा. झिजलेल्या बेअरिंगची खरखर बोटांना स्पष्ट जाणवते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर त्यात ढिलेपणा आढळला, तर दुरुस्तीपूर्वी गाडी रस्त्यावर आणू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आजच्या बहुतेक लहान गाड्यांतील बेअरिंग सीलबंद असल्याने त्यात ग्रीस भरता येत नाही, ते बदलावेच लागते. हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंग बसते त्या धातूच्या खोबणीत, दाबून बसवायचे बेअरिंग असेल, तर दाब बाहेरच्या कड्यावरच द्यावा, कारण आतल्या कड्यावर दिलेल्या दाबाने गोळ्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात आणि नवे बेअरिंगही लवकरच आवाज करू लागते. अॅक्सलचा नट नवा घ्यावा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावा.