भाची मेनोनाइट चर्चच्या सेवा-घरात वर्षभर राहायचं म्हणते. हा काय प्रकार आहे? धर्मांतराची भानगड तर नाही ना?

तुम्ही लिहिलंय की भाची अमेरिकेतच जन्मली-वाढली, कॉलेज नुकतंच संपलं, आणि आता नोकरी न धरता टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या मेनोनाइट चर्चतर्फे वर्षभर बिनपगारी सेवा करायची म्हणते. घरात सगळ्यांची झोप उडाली असणार, कल्पना आहे.

मी त्या गावात बरीच वर्षं काढली. आश्रय मागायला आलेल्यांना कायदेशीर मदत करणाऱ्या एका संस्थेत कामाला होतो आणि या सेवा-योजनेतलं कोणी ना कोणी आमच्याकडे यायचं. त्यांच्या घरी जेवायला जाणं त्यामुळे ओघानेच आलं. सांगतोय ते 2010 नंतरच्या काळातलं.

शंका घेताय ती अगदीच हवेतली नाही. अमेरिकन मेनोनाइट मिशनरी 1899 साली दुष्काळात धमतरीला आले. धमतरी आज छत्तीसगडमध्ये आहे, तेव्हा मध्य प्रांतात होतं, राजधानी नागपूर. त्यांनी तिथे अनाथ मुलं सांभाळली, शाळा-दवाखाना काढला आणि धर्मप्रसारही केला. पण शहरातल्या या सेवा-घरांचं मूळ निराळं आहे. ते युद्धात आहे, किंवा युद्धाला नाही म्हणण्यात आहे.

मेनोनाइट म्हणजे सोळाव्या शतकात युरोपात निघालेला ख्रिस्ती पंथ. लहानपणी झालेला बाप्तिस्मा, म्हणजे धर्मात घेण्याचा विधी, हे मानत नाहीत, जाणत्या वयात स्वतःहून घेतलेलाच खरा. आणि शस्त्र उचलायचं नाही. (घोडागाडीवाले आमिश यांचेच भाऊबंद, 1693 मध्ये वेगळे झालेले. तुमच्या भाचीला त्यांच्या बायकांसारखी बॉनेट टोपी घालावी लागणार नाही, शहरातले मेनोनाइट जीन्समध्येच असतात.) दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती आली तेव्हा सद्सद्विवेकाने लढायला नकार देणाऱ्यांसाठी सरकारने पर्यायी नागरी सेवा ठेवली. 1941 ते 1947 मध्ये सगळ्या पंथांचे मिळून सुमारे 12,000 तरुण त्यात गेले, त्यांत मेनोनाइट बरेच. पगार नाही, खर्च चर्चांनी उचललेला. कोणी जंगलात आग विझवली, कोणी मनोरुग्णालयात रात्रपाळ्या केल्या आणि तिथले हाल बाहेर आणले. सक्ती नसतानाही सेवा का करू नये, या विचारातून 1944 पासून ऐच्छिक सेवा सुरू झाली. सक्तीची सैन्यभरती 1973 मध्ये थांबली, ऐच्छिक सेवेची ही घरं मात्र उरली.

आता घराचं. पुण्यात चार पोरं फ्लॅट करून राहतात आणि ज्याचा त्याचा डबा असतो, तसं हे नाही. राहणं, जेवण, येणं-जाणं, वैद्यकीय खर्च ही योजना बघते, वर हातखर्चाला थोडे पैसे. वाणसामानाचे पैसे मात्र सगळ्यांचे एका पाकिटात. खरी परीक्षा त्या पाकिटाची. फ्रिजवर पाळ्यांचा तक्ता, बाजूला सामानाची यादी, आणि एकदा त्या यादीत 'चांगली कॉफी' असं लिहून खाली तिघांनी तीन वेगळ्या अक्षरांत 'का?' लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. यावर आठवड्याच्या बैठकीत रीतसर चर्चा झाली म्हणे. मला हसू आलं होतं. पण कामावर दिवसभर लोकांची दुःखं ऐकून आलेल्या पोरांना संध्याकाळी कॉफीवरून सामोपचाराने बोलायचं असतं, ते सोपं नाही. माझ्या मते काम पेलतं, घर पेलत नाही. वर्ष अर्ध्यावर सोडायची वेळ आलीच तर ती बहुधा घरामुळे.

कामाचा एक नमुना देतो. 2014 मध्ये मध्य अमेरिकेतून आया आणि लेकरं मोठ्या संख्येने अमेरिकेच्या सीमेवर आली. सरकारने त्याच वर्षी टेक्सासमधल्या कार्न्स आणि डिली इथे कुटुंबांसाठी स्थानबद्धता केंद्रं उघडली. तिथून सुटलेल्यांना सॅन अँटोनिओच्या बस स्थानकावर आणून सोडत. वेगवेगळ्या चर्चांचे स्वयंसेवक तिथे थांबायचे, त्यांत ही मुलंही असायची. हातात एक कागद आणि मार्कर पेन. एखादी ग्वातेमालाची बाई नातलगाकडे निघालेली, चार ठिकाणी बस बदलायची, इंग्रजी एक अक्षर नाही, कधी कधी स्पॅनिशही दुसरीच भाषा, घरची मायन बोली. तिकिटावरची एकेक वेळ घोळून घ्यायची, बदलायच्या गावाखाली रेघ मारायची आणि वर ठळक इंग्रजीत लिहायचं, 'मला इंग्रजी येत नाही, माझी पुढची बस कोणती?' तो कागद तिने रस्ताभर कोणालाही दाखवायचा. मुलाच्या पाठीवर खाऊची पिशवी. बस आली की पुढची बाई. तिथे कोणी कोणाला बाप्तिस्म्याचं विचारल्याचं मी पाहिलं नाही, तेवढी उसंतच नसायची. शहराची साठ टक्क्यांहून जास्त वस्ती हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाची, त्यामुळे स्पॅनिश बोलणारे सहज मिळतात, तरी 2019 च्या जूनमध्ये काँगोमधले शेकडो लोक अचानक आले आणि महापालिकेला फ्रेंच बोलणारे शोधत फिरावं लागलं. असं हे गाव.

म्हणून धर्माचं उत्तर दोन भागांत. ज्यांची सेवा करायची त्यांच्यावर धर्म लादला जात नाही. सेवा करणाऱ्यांचं तसं नाही. योजना चर्चची आहे, अर्जात श्रद्धेबद्दल विचारतात, रविवारच्या उपासनेत, घरातल्या प्रार्थनेत सहभाग धरलेला असतो. जेवणाआधी चार वेगळ्या सुरांत, वाद्याशिवाय गातात. ऐकायला फार गोड. भाची हिंदू म्हणून वाढली असेल तर तिने ते अर्जातच स्पष्ट लिहावं आणि चालेल का ते विचारावं. गुळमुळीत राहून आत शिरली तर वर्षभर तिलाच अवघडल्यासारखं होईल. आणि तिला यातलं काही मनापासून भावलंच, तर ती बावीस-तेवीस वर्षांची आहे. जाणत्या वयाबद्दल या पंथाचं जे म्हणणं आहे ते तिच्या बाजूने आणि तुमच्या विरुद्ध, दोन्ही लागू पडतं.

जाऊ नको म्हणण्यापेक्षा तिच्याकडून काही गोष्टी विचारून घ्या. शैक्षणिक कर्जाचे हप्ते वर्षभर कोण भरणार. आरोग्य विम्यात नेमकं काय येतं. नेमणूक कोणत्या संस्थेत, आणि तिथे तिचं स्पॅनिश पुरेल का. घरात भांडण पेटलं तर चर्चमधलं कोण मध्ये पडतं, कारण असा माणूस नेमलेला असायला हवा. मध्येच सोडलं तर काय. आणि खोलीत एसी आहे का, हेही. वर्ष सहसा ऑगस्टच्या सुमारास सुरू होतं आणि ऑगस्टात तिथे दुपारी पारा छत्तीस-सदतीसच्या आसपास असतो.