वाचक विचारतात: ६० रोपं लावली, १८ राहिली

प्रश्न: आमच्या मुलुंडच्या कॉलनीला लागून पालिकेचं छोटं उद्यान आहे. गेल्या जुलैत आम्ही पंधरा-वीस जणांनी तिथे ६० देशी रोपं लावली, फोटोबिटो काढले, आता मे महिन्यात मोजली तर १८च उरलीत. यंदा काहीजण म्हणतात गुलमोहर, रेनट्री काढून सगळं देशीच करूया, आणि काहींना भीती की झाडोरा वाढला की साप-डास येतील. काय करावं?

उत्तर: १८ जगली त्याबद्दल आधी अभिनंदन, चेष्टा नाही करत, कारण ऑक्टोबरात पाऊस गेला की मुंबईत जूनपर्यंत जवळजवळ थेंब नसतो आणि पाणी घालायच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळीनंतर कोण फिरकत नाही हे आपल्याला माहितीये. म्हणून माझं ऐकाल तर यंदा नवीन रोप आणूच नका. आहेत त्या १८ला नीट आळी करा, बुंध्याला न चिकटवता भोवती वीतभर पालापाचोळा घाला, पाण्याचे वार आत्ताच वाटून घ्या. आणि मेलेल्यांचे दोन-चार खड्डे परत उकरून बघाच. आम्ही आमच्याकडचे उकरले तर वरती ट्रकची लाल माती आणि फूटभर खाली नुसतं डेब्रिज, टाइल्सचे तुकडे, सिमेंटचे गोळे, मुळं जाणार कुठे!

गुलमोहर मादागास्करचा, रेनट्री अमेरिकेकडची, सगळं खरं, पण कुऱ्हाड नको. एक तर १९७५च्या वृक्ष कायद्यामुळे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि तुमची रोपं उन्हाळ्यात त्यांच्याच सावलीत तगणार आहेत. काढायचीच हौस असेल तर जमिनीवरची घाणेरीची झुडपं काढा, आणि ती सिंगापूर डेझी, पिवळी फुलं, तुकतुकीत पानं, बागेच्या कॉन्ट्रॅक्टरांची लाडकी, तिची सतरंजी पसरली की खाली दुसरं काही डोकं वर काढत नाही. पाऊस पडून माती मऊ झाली की मुळासकट उपटा. डेझीचं एक पेर मातीत राहिलं तरी परत फुटतं, तेव्हा सगळं गोणीत भरून बाहेर न्या, कोपऱ्यात ढीग नको.

मग त्या रिकाम्या जागेत काय उगवतं ते एक पावसाळा नुसतं बघत बसा. टाकळा येईल, तेरडा येईल, टाकळ्यावर छोटी पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. पण हे माळीदादांना आधी सांगून ठेवा, कारण आमचं काय झालं ऐका. कुंपणावर ईश्वरीची वेल आम्ही दोन वर्षं जपली, शेवटी तिच्यावर क्रिमसन रोज फुलपाखराच्या अळ्या आल्या, काळपट अंग, लाल मऊ काटे, मधोमध पांढरा पट्टा, आम्ही रविवारभर फोटो काढत बसलो. सोमवारी गेलो तर कुंपण चकाचक! "रान माजलं होतं, साफ केलं," म्हणाले. त्यांना तरी काय बोलणार, आमच्या एकानेही त्यांना वेल दाखवली नव्हती. तुम्ही उद्यान विभागाकडून लेखी परवानगी घ्या आणि माळीदादांनाच ग्रुपमध्ये घ्या.

साप म्हणाल तर उंदीर असतील तिथे येणार, त्यामुळे उघडा कचरा आधी बंद करा. आपल्याकडे बऱ्याचदा धामणच निघते, बिनविषारी, तरी पायवाटेच्या कडेचं गवत कमी ठेवा, सर्पमित्राचा नंबर गेटवर लावा. आणि डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, पाचोळ्यात नाही, तेव्हा तक्रार करणाऱ्या काकांच्या बाल्कनीतल्या कुंड्यांच्या ताटल्या एकदा बघून या.

पुढच्या वर्षी लावाल तेव्हा नुसती उंच झाडं नकोत, धायटी, कुडा, निर्गुडी अशी झुडपं पण हवीत, करवंद कुंपणाकडे. मिठीकाठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान ग्रुपने एकदा बघून या, ती जागा आधी डंपिंग ग्राउंड होती.

आणि हो, माझाच नियम मोडतोय, पण पांगारा यंदाच चालेल. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी फांदी खोचली तरी जगते, रोप आणायलाच नको. फक्त घसरगुंडीपासून लांब खोचा, काटे असतात.