आरव्ही-७ ची लाल रेषा ट्रू एअरस्पीडची असते

अरे, तू पाठवलेला पॅनेलचा फोटो तीनदा झूम करून बघितला. बारा हजार फूट, डायलवर १८० नॉट्स, नाक खाली, आणि वर मलाच विचारतोयस की काका, लाल रेषेला, म्हणजे कधीच ओलांडायचा नाही त्या वेगाला, अजून वीस नॉट्स बाकी होते तरी इन्स्ट्रक्टर एवढा का चिडला. बरं झालं चिडला.

आपण घरी बांधतो त्या आरव्ही-७ विमानाची २०० नॉट्सची मर्यादा ट्रू एअरस्पीडची, म्हणजे हवेतल्या खऱ्या वेगाची आहे. डायल बिचारा हवेचा दाब मोजतो, वर हवा विरळ, म्हणून काटा कमी दाखवतो. बारा हजारावर २०० ट्रू म्हणजे डायलवर जेमतेम १६६. तू ट्रू २१६ ला होतास रे!

तू म्हणशील पंखावर लोड तर दाबानेच येतो. बरोबर, स्टिक जोरात ओढली किंवा वाऱ्याचा झटका लागला तर तिथे इंडिकेटेड, म्हणजे डायलवरचाच वेग बघायचा, आणि ती +६ जीची, म्हणजे वजनाच्या सहापट लोडची मर्यादा पण १६०० पौंडांपर्यंतच, दोघं बसून सामान भरून १८०० ला नाही. पण फ्लटरचं, म्हणजे आपोआप वाढत जाणाऱ्या थरथरीचं गणित वेगळं. एलेव्हेटर (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा हलता भाग) नाहीतर त्याच्या कडेची छोटी पट्टी, ट्रिम टॅब, थरथरायला लागला की ती थरथर हवेनेच दाबायची असते, विरळ हवेत ती नीट दबत नाही, आणि एकदा का ताल जमला की तुला कळेपर्यंत शेपटी गेलेली असते. म्हणून ट्रू बघ.

मी नाही बघितलं. पहिले दोन उन्हाळे असाच उतरायचो, काटा लाल रेषेच्या अलीकडे, पिवळ्या पट्ट्यात आहे म्हणजे ठीक आहे असं धरून, आणि शेजारी बायको बसलेली असायची. मग वर्षाच्या तपासणीत ट्रिम टॅब बोटाने हलवला तर जोडणीत ढिलेपणा लागला, आणि मी हँगरमध्ये स्टुलावर कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो. तेव्हापासून उतरायच्या आधी पॉवर काढतो, मगच नाक खाली. लोक म्हणतात एवढं फास्ट विमान बांधलं आणि काका रांगत येतात. म्हणू देत. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून माझं आजवर काही अडलेलं नाही आणि यात मी बरोबरच आहे.

आणि टर्बो बसवायचा म्हणतोयस तो विचार सोड. उंचावर जास्त पॉवर मिळाली तर सरळ उडतानाच रेषा ओलांडशील, डायल तर काही बोलणार नाही. ट्रू बघ, किती वेळा सांगू!

शनिवारी फोन कर. एलेव्हेटरना नवा रंग दिल्यावर परत बॅलन्स केलेस का ते सांग, हिंजच्या मागे बसलेला रंग पण वजनच असतं. केले नसशील तर तोवर विमान बाहेर काढू नकोस.