एका पेशीने किती साखर खाल्ली?

प्रश्न: नमस्कार ताई, आईचं पेट स्कॅन झालं तेव्हा तिथले टेक्निशियन म्हणाले की रेडिओअ‍ॅक्टिव्ह साखर टोचतात आणि ती गाठीत जास्त जमा होते. मग एकेका पेशीने किती घेतली हे मायक्रोस्कोपखाली बघता येतं का? भाचा म्हणतो त्यासाठी कॉम्प्युटर सिम्युलेशन करतात. ते कशाला, सरळ प्रयोगच करावा ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आईंना लवकर बरं वाटू दे. बघता येतं, पण साध्या मायक्रोस्कोपने नाही. पेट स्कॅनला ४-५ मिलिमीटरपेक्षा बारीक फारसं वेगळं ओळखता येत नाही आणि पेशी असते साधारण १०-२० मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे स्कॅनवरच्या एका ठिपक्यात कोटभर पेशी सहज मावतात, त्यात कोण भरपूर खातंय आणि कोण उपाशी आहे काहीच कळत नाही. एकाच गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात, म्हणून हे कळणं फार गरजेचं आहे.

अमेरिकेत स्टॅनफर्डला गियेम प्रॅट्क्स यांच्या ग्रुपने २०१२ मध्ये यावर एक पद्धत दाखवली, रेडिओल्युमिनेसन्स मायक्रोस्कोपी. पेशी सिंटिलेटर नावाच्या क्रिस्टलला चिकटून ठेवायच्या, साखरेतल्या फ्लोरिन-१८ या रेडिओअ‍ॅक्टिव्ह अणूमधून पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन भाराचा कण) सुटून क्रिस्टलमध्ये घुसला की तिथे अगदी मंद चमक होते, ती सेन्सिटिव्ह कॅमेऱ्याने टिपायची आणि अशा असंख्य चमका जमवून चित्र बनवायचं.

अडचण अशी की पॉझिट्रॉन कुठल्याही दिशेला सुटतो, पाण्यात तर २ मिलिमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. क्रिस्टलमध्ये तिरका घुसला की चमकेची रेघ होते, खोलवर गेला की ती फोकसबाहेर जाते, पेशी आणि क्रिस्टलमध्ये जरा फट राहिली तरी चित्र पसरतं. क्रिस्टल पातळ केला तर चित्र रेखीव येतं पण उजेड कमी पडतो, जाड केला तर उजेड मिळतो पण चित्र धूसर होतं. मग जाडी ठेवायची किती?

इथे सिम्युलेशन लागतं. सर्न या युरोपातल्या कण-भौतिकी प्रयोगशाळेत सुरू झालेलं जिअँट-४ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एकेक पॉझिट्रॉन घेतं, दर वळणावर फासे टाकावेत तसं रँडम नंबरने ठरवतं की तो कुठे वळला, किती एनर्जी सोडली, मग त्यातून किती प्रकाश निघाला आणि लेन्सपर्यंत किती पोचला याचा हिशोब होतो. प्रत्येक जाडीचा क्रिस्टल कापून पॉलिश करणं खर्चिक आणि फ्लोरिन-१८ तर ११० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून वेळ-पैसा वाचतो हे खरंच, पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. खऱ्या प्रयोगात धूसरपणाची सगळी कारणं एकमेकांत मिसळलेली असतात, कॉम्प्युटरवर फक्त फट शून्य करून बघता येतं, फक्त जाडी बदलून बघता येतं, आणि पॉझिट्रॉन नेमका कुठून सुटला हे आधीच माहीत असल्याने चित्र किती चुकलं ते मोजता येतं. याच ग्रुपने पुढे सिंटिलेटर म्हणून जेमतेम १० मायक्रॉन जाडीची ल्युटेशियम ऑक्साइडची फिल्मही वापरली.

तरी प्रयोग सुटत नाही हां, क्रिस्टल किती प्रकाश देतो हा आकडाच चुकीचा घातला तर उत्तरही चुकीचंच येणार, त्यामुळे शेवटी खऱ्या पेशींवर पडताळावंच लागतं.

आणि आईंच्या बाबतीत म्हणाल तर हे सगळं डिशमधल्या पेशींचं आहे, पॉझिट्रॉन शरीराच्या आतच थांबतो, बाहेरून असं बघता येत नाही. त्यांच्यासाठी पेट स्कॅनच, आणि रिपोर्टचा अर्थ त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.