मध्ययुगात राज्यसंस्था शोधताना

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पहिलं प्रकरण वाचलं. आदिलशाही मुलखाला ‘राज्यसंस्था’ ही संकल्पना लागूच पडत नाही, असं तू ठामपणे लिहिलं आहेस. आधार घेतलास तो जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९१९ मध्ये मांडलेल्या कसोटीचा: ठरावीक प्रदेशात बळाच्या अधिकृत वापराची मक्तेदारी. वेबरच्या डोळ्यांसमोर आधुनिक युरोप होता. ते माप लावलं तर मध्ययुगातला कुठलाच दरबार टिकणार नाही आणि अभ्यास सुरू होण्याआधीच संपेल.

तूच दिलेलं १६५९ चं उदाहरण घे. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी विजापूरहून रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे यांना फर्मान आलं, की खानाला येऊन मिळा. कान्होजी मुलांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर, म्हणजे आपल्या वंशपरंपरागत हक्कांवर, पाणी सोडलं. रोहिडखोऱ्यातलेच खोपडे मात्र खानाकडे गेले. हुकूम पाळायचा की नाही हे देशमुख ठरवत होते, म्हणून राज्यसंस्था नाही, असा तुझा निष्कर्ष. पण कान्होजींना वतनावर पाणी का सोडावं लागलं? विजापूरकर ते काढून घेऊ शकतात, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं होतं म्हणून. हे गृहीत धरणं हासुद्धा पुरावाच आहे, आणि तो तुझ्या प्रकरणात कुठेच नाही.

आता वतनाच्या तंट्याचा एखादा महजर, म्हणजे सभेतल्या निवाड्याचा कागद, काढून बस. निवाड्याला हवालदार, मुजुमदार ही दिवाणाकडची, म्हणजे सरकारची, माणसं बसलेली असतात आणि शेजारी गोत: देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार. खाली पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी-दौत, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या. साक्ष गोताची, निकालावर संमतीही गोताची. पण जिंकणाऱ्याकडून हरकी (जिंकल्याबद्दलची रक्कम) आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी (दंड) वसूल करतो तो दिवाण. एकाच कागदावर अधिकाराचे दोन धागे आहेत. तू एक उचललास, दुसरा टाकलास. (निशाण्या छापील प्रतीत बऱ्याचदा गाळलेल्या असतात. शक्य तिथे मूळ कागद पाहा.)

हाच वाद युरोपच्या अभ्यासकांतही झाला आहे. २००३ मध्ये रीस डेव्हिस यांनी ‘राज्यसंस्था’ या संकल्पनेच्या जाचाबद्दल इशारा दिला आणि सुझन रेनॉल्ड्स यांनी त्यांना उत्तर दिलं. रेनॉल्ड्सबाईंनी मक्तेदारीची अट सैल करून ‘कमी-अधिक यशस्वी नियंत्रण’ एवढीच ठेवली. मी त्यांच्या बाजूचा आहे, कारण ‘कमी-अधिक’ म्हटलं की किती, कुठे आणि कोणत्या दशकात, हे विचारावं लागतं. डेव्हिस यांची भीतीही खोटी नाही. ‘राज्यसंस्था’ म्हटलं की नजर राजधानीकडे जाते आणि गोत, वतन, गढी हे सगळं अडथळा वाटू लागतं. तो अडथळा नव्हता, कारभार त्याच्यातूनच चालायचा.

मराठी राज्याकडे आलीस की हे आणखी स्पष्ट होईल. बखरकार कृष्णाजी अनंत सभासद सांगतो, की शिवाजी महाराजांनी देशमुखांचे कोट-वाडे पाडले आणि काठीने जमीन मोजून सारा ठरवला: वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा. ज्याला असं करावंसं वाटतं आणि जमतं, त्याच्या राज्याला तू काय म्हणशील? पण रामचंद्रपंत अमात्यांचं १७१५ च्या सुमाराचं आज्ञापत्र, म्हणजे राजनीतीवरचा ग्रंथ, वाच. वतनदार म्हणजे लहान असले तरी स्वतंत्र देशनायकच, असं तिथे अमात्य बजावतात. मधल्या काळात मोगलांशी झालेल्या लढ्यात राजारामांच्या कारभाऱ्यांना माणसं धरून ठेवण्यासाठी वतनं, इनामं द्यावी लागली होती. ही चढ-उतार हाच तुझा खरा विषय आहे, बाळ. ‘होती की नव्हती’ या प्रश्नात ती दिसणारच नाही.

प्रकरणाचं शीर्षक बदल, वेबर तळटीपेत ने. रोहिडखोऱ्यातले दोन-तीन महजर निवड आणि प्रत्येकासाठी लिहून काढ: तंटा कुणी आणला, सभा कुणी बोलावली, पैसा कुणाकडे गेला आणि निकाल झुगारला असता तर कोण धावून आलं असतं. मोडी अडली तर कागदाचा फोटो पाठव, मी वाचून देतो.

तुझा,
सर