अर्थ पाठ आहे, पण शब्द वापरता येत नाही

प्रश्न : रोज वीस अवघड इंग्रजी शब्द मराठी अर्थासह वहीत उतरवतो. वाचताना ते ओळखतो, पण लिहायला बसलो की एकही सुचत नाही. काय करू?
– एक वाचक

उत्तर : शब्द ओळखणं आणि तो वापरणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या वहीतून पहिलंच साधतं. त्यात 'मिटिगेट', 'अलीव्हिएट' आणि 'डिमिनिश' या तिन्हींपुढे बहुधा 'कमी करणे' एवढंच असेल. मग लिहिताना यातला कुठला घ्यायचा? इंग्रजीत वेदना किंवा गरिबी 'अलीव्हिएट' करतात, धोका किंवा दुष्परिणाम 'मिटिगेट' करतात. 'डिमिनिश' मात्र एखाद्याची ताकद किंवा महत्त्व आपोआपही होतं. म्हणून शब्द एकटा उतरवू नका, 'मिटिगेट द रिस्क' असा सोबत्यासह उतरवा. हे सोबती शब्दकोशातल्या उदाहरणवाक्यांत सापडतात. मी तर अर्थाच्या आधी तीच वाचते.

शब्दाची छटाही टिपा. 'नोटोरियस' हा 'फेमस'चा भारदस्त पर्याय समजून कुणी तो कौतुकाच्या पत्रात लिहिला, तर ज्याचं कौतुक करायचं तोच कुप्रसिद्ध ठरतो! नुसत्या यादीवरून शिकण्यातली ही गोष्ट मला फार सलते.

आता उजळणी. वही नुसती वाचत राहिलात तर शब्द ओळखीचे वाटतील, इतकंच. इंग्रजी बाजू झाका, मराठी अर्थ पाहा आणि शब्द वाक्यासकट आठवून लिहा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करून ते किती टिकतात हे त्यांनी मोजलं, तेव्हा विसरणं सुरुवातीला झपाट्यानं आणि पुढे सावकाश होतं असं दिसलं. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. अडलेला शब्द पुन्हा पहिल्या पायरीवर आणा.

आणि वीस कशाला? पाचच घ्या, पण वाचनात भेटणारे घ्या. भाषातज्ज्ञ एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तीत ५७० शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, आहेत. 'डिराइव्ह', 'सिग्निफिकंट' यांसारखी. दुर्मीळ, दिखाऊ शब्दांच्या मागे लागण्याआधी ही यादी हाताशी धरा. प्रत्येक शब्दावर स्वतःच्या कामातलं किंवा अभ्यासातलं एक खरं वाक्य लिहा आणि ते इंग्रजी चांगलं येणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या.