*सिन्दोस शिकताना शेवटाकडे बघा

प्रोटो-केल्टिकची, म्हणजे आयरिश, वेल्श वगैरे केल्टिक भाषांच्या पुनर्रचित मूळ भाषेची, सुरुवात *सिन्दोस ('हा', 'तो') या दर्शकापासून करताय, उत्तम. पण विभक्तीचा तक्ता पाठ करायची घाई नको. आधी तारांकन नीट समजून घ्या: हे रूप कुठल्याही शिलालेखात नाही, ते तुलनेतून उभं केलेलं आहे. व्युत्पत्तीवर मतभेद आहेत. सुरुवातीच्या 'स'चा संबंध ज्या मूळ सर्वनामाशी जोडतात, त्यातूनच संस्कृतचे सः, सा आले. पुढच्या 'न्द'बद्दल एकमत नाही, त्यात अडकू नका.

खरा मजकूर जुन्या आयरिशमध्ये आहे. तिथे हा शब्द उपपद (इंग्रजी 'the'सारखा) झाला, शेवट झिजले, पण जाताना पुढच्या शब्दावर खूण ठेवून गेले. 'इन फेर' म्हणजे 'तो माणूस'. प्रथमेत मूळ शेवट -ओस, म्हणून 'फ' शाबूत. षष्ठीत शेवट -ई, स्वरान्त. म्हणून 'इंद इर', 'फ' उच्चारातून गायब! द्वितीयेत अनुनासिक शेवट, तिथे उच्चारात 'फ'चा 'व' होतो: 'इन वेर'. ही तीन रूपं आधी मोठ्याने म्हणा. विभक्ती कानाने कळू लागते, आणि मला तरी या भाषेत याहून सुंदर काही वाटत नाही. 'लासिन वेर', म्हणजे 'त्या माणसाबरोबर', यात हरवलेला 'स'ही भेटतो.

मग असाच दर्शक बघायला गॉलिशकडे, म्हणजे प्राचीन फ्रान्समधल्या केल्टिक भाषेकडे, वळा. फ्रान्समधल्या वेझाँ-ला-रोमेनच्या ग्रीक लिपीतल्या लेखात 'सोसिन नेमेतोन', म्हणजे 'हे पवित्र स्थान', आहे. वेल्श उपपद मात्र शेवटी घ्या. तिथला 'र' अजून वादाचा आहे.